मुलांना बाप्तिस्मा शिकवायचाय? आधी प्रेम, मग पाणी

शनिवारी रात्री नऊ वाजता पाळकसाहेबांचा, म्हणजे आपल्या चर्चच्या पास्टरांचा, फोन येतो, "ताई, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मे आहेत, उद्या मुलांना जरा त्याबद्दल सांगा ना," आणि आपण हो म्हणून बसतो. फोन ठेवल्यावर मग घाम फुटतो. आपला स्वतःचा झाला तेव्हा आपण तीन महिन्यांचे होतो, आठवतंय काय तर आईच्या कपाटातला एक फोटो. आता ते बारा-पंधरा पोरांना समजवायचं, तेही वीस मिनिटांत, बाहेर चहाचा वास सुटलेला असताना.

हा लेख असल्या नवीन टीचर लोकांसाठी आहे. मी नगरकडच्या एका मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बरीच वर्षं संडे स्कूल घेते (आमच्याकडची जुनी माणसं अजून शब्बाथशाळाच म्हणतात), आणि खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं मी चुका करून शिकलेय.

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकते. दुसऱ्या वर्षी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "बाप्तिस्मा घेतला की आपण देवाचं लेकरू होतो", आणि पोरांकडून तीनदा मोठ्याने म्हणून घेतलं. मागच्या चटईवर सात वर्षांची एक मुलगी होती, आई नेमाने चर्चला येणारी, वडील न येणारे, त्यामुळे हिच्या बाप्तिस्म्याचं घरात काही ठरलेलं नव्हतं. तिन्ही वेळा ती गप्प बसली. वर्ग सुटल्यावर सँडलचा पट्टा लावता लावता तिने खालीच बघत विचारलं, "टीचर, मग मी कुणाची?" मी म्हटलं अगं तू पण देवाचीच की. तर ती म्हणाली, "पण फळ्यावर तसं नाही लिहिलं."

त्यानंतर मी हा धडा कधीच पाण्यापासून सुरू केला नाही.

पायरी १ : आधी पाळकांना विचारा, मग हजेरीपट उघडा

आपल्या मंडळीत बाप्तिस्मा कधी देतात, कसा देतात, हे नीट माहीत करून घेतल्याशिवाय वर्गात उभं राहू नका. वाटतं आपल्याला माहीत आहे, पण नसतं. काही मंडळ्यांत तान्ह्या बाळाला देतात आणि ते मूल मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं, त्याला दृढीकरण म्हणतात. काही ठिकाणी बाळाचं फक्त समर्पण होतं, म्हणजे देवापुढे आणून प्रार्थना, आणि बाप्तिस्मा त्याला समज आल्यावर, त्याने स्वतः मागितल्यावर. कुठे डोक्यावर तीनदा पाणी ओततात, कुठे शिंपडतात, कुठे पूर्ण बुडवून देतात, मग ते नदीत, हौदात, नाहीतर कुणाच्या शेततळ्यात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तर दोन्ही पद्धती एकाच छपराखाली आहेत, कारण १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन ते बनलं, त्यात बाळांना देणारेही होते आणि मोठ्यांनाच देणारेही, आणि दोघांनाही जागा ठेवली गेली. वसईकडच्या कॅथलिक घरातलं पोरगं तुमच्या वर्गात पाहुणं म्हणून आलं तर ते तेल, पांढरा कपडा, पेटवलेली मेणबत्ती आणि गॉडफादर-गॉडमदर असं सगळं सांगेल. त्याला "आपल्यात तसं नसतं" म्हणून गप्प करू नका, उलट त्यालाच पुढे बोलवा, सगळ्यांना ऐकायला मजा येते.

पाळकांना तीन गोष्टी विचारून घ्या. आपल्याकडे कोणत्या वयात देतात, पाणी कसं वापरतात, आणि वर्गात बाहुलीवर करून दाखवलेलं चालेल का. हे तिसरं नक्की विचारा. काही पाळकांना ते आवडत नाही, संस्काराचा खेळ होतो असं वाटतं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाहीये.

मग हजेरीपट. कुणाचा बाप्तिस्मा झालाय, कुणाचा नाही, कुणाच्या घरात आई ख्रिस्ती आणि बाबा नाहीत, कोण शेजारच्या वाड्यातून नुसतं मैत्रिणीबरोबर येतं. हे तुमच्या डोक्यात हवं, फळ्यावर नको. "ज्यांचा झालाय त्यांनी हात वर करा" असं चुकूनसुद्धा म्हणू नका, एका सेकंदात वर्गाचे दोन तुकडे पडतात.

शेजारून येणाऱ्या पोरांबद्दल एक स्पष्ट सांगते. दुसऱ्याच्या घरातलं मूल तुमच्या वर्गात गोष्ट ऐकायला आलंय, त्याला "तू पण घे" असं म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही. देव तुझ्यावर प्रेम करतो एवढं त्याने ऐकलं तर पुष्कळ झालं. त्याच्या आईबापाला अंधारात ठेवून आपण काही करत नाही, आणि करतोय असा वाससुद्धा यायला नको. आज आपण काय शिकवलं ते त्याच्या आईला दारात उभं राहून सरळ सांगता आलं पाहिजे.

पायरी २ : एकच वाक्य ठरवा

लहान मुलं एका रविवारी एकच गोष्ट घरी नेतात. तुम्ही पाच सांगितल्या तरी एकच नेतात, आणि बहुतेक वेळा ती तुम्हाला नको असलेलीच असते. (एकदा मी अर्धा तास, येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानावर बोलले, घरी गेलेली गोष्ट काय, तर "तो किडे खायचा".)

माझं वाक्य असं आहे: "देवाने माझ्यावर आधीच प्रेम केलंय, बाप्तिस्मा ही त्याची खूण आहे." बायबलमध्ये योहानाच्या (हा योहान वेगळा) पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हेच आहे, आपण प्रीती करतो कारण आधी त्याने केली. सगळा जोर त्या "आधी"वर. धडाभर जे काही कराल, गोष्ट, खेळ, चित्र, ते या "आधी"ला धरून आहे का एवढंच बघायचं, नसेल तर सोडून द्यायचं, कितीही भारी आयडिया असली तरी.

आता कुणी जाणकार म्हणेल की बाप्तिस्म्याने खरंच काहीतरी घडतं, नुसती खूण कशी म्हणता. बरोबर आहे, वेगवेगळ्या चर्चमध्ये यावर फरक आहे, शेकडो वर्षं वाद चाललेत. तुमच्या मंडळीत जसं मानतात त्याप्रमाणे पाळकांना विचारून शब्द बदला. पण कुठल्याही मंडळीत गेलात तरी देवाचं प्रेम बाप्तिस्म्याच्या दिवशी चालू होतं असं कुणी शिकवत नाही, तेव्हा "आधी" हा शब्द कुठेच अडत नाही.

पायरी ३ : सामान

एक परात, पाण्याचा तांब्या, एक जुना टॉवेल (दोन घ्या, दोन), एक बाहुली, आणि बॉलपेनं. जमलं तर आदल्या आठवड्यात पालकांना मेसेज टाकून बाप्तिस्म्याचे जुने फोटो मागवा, पण "असेल तर, नाहीतर बाळपणीचा कुठलाही फोटो चालेल" असं मुद्दाम लिहा. म्हणजे ज्यांचा झालेला नाही ते पण फोटो घेऊन येतात आणि कुणी रिकाम्या हाताने बसत नाही.

प्लॅस्टिकचा टब घेऊ नका. परातीत पाणी ओतल्याचा आवाज येतो, आणि तो आवाज आला की पोरं आपोआप गप्प होतात, तुम्हाला ओरडावं लागत नाही.

पायरी ४ : नावापासून सुरुवात

वर्ग सुरू झाला की हजेरी घ्या, पण नेहमीसारखी नाही. प्रत्येकाला विचारा, घरी लाडाने काय म्हणतात? मग बघा मजा. कुणी छकुली, कुणी बाब्या, कुणी पिल्लू. एकजण लाजून लाल झाला आणि त्याच्या बहिणीनेच ओरडून सांगितलं, "बोक्या!" दहा मिनिटं हसण्यात गेली, जाऊ द्या, ती वाया गेलेली नाहीत.

मग हळूच विचारा, हे नाव कधी पडलं? तू काय काम केलंस म्हणून पडलं? पहिला नंबर आला म्हणून आईने पिल्लू म्हटलं का? पोरं म्हणतात नाही टीचर, मी बाळ होतो तेव्हाच. तेव्हा तू काय करायचास? झोपायचो. आणखी? रडायचो, दूध प्यायचो, आणि (हे कुणीतरी म्हणतंच) शी करायचो. तेवढ्यावरच आईने एवढं गोड नाव ठेवलं? हो.

इथे बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातल्या ४३व्या अध्यायातलं पहिलं वचन सांगा, देव म्हणतो मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस. समजावत बसू नका, पिल्लू-बोक्यानेच समजावून झालंय. फक्त एकेका मुलाचं नाव घालून म्हणा. "सोनू, तू माझी आहेस." सगळ्यांचं घ्या, एकही सोडू नका, उशिरा आलेल्याचं पण.

वेळ असेल तर यशया ४९ पण जोडता येतं, त्यात देव म्हणतो मी तुला माझ्या तळहातावर कोरून ठेवलंय. मुलांना बॉलपेनने स्वतःच्या तळहातावर आपलं नाव लिहू द्या. एका मुलीच्या हातावर मावशीच्या लग्नातली मेंदी होती, अर्धी उडालेली, नखांवर फक्त केशरी रंग उरलेला. तिने ती दाखवून विचारलं, "टीचर, देवाची पण अशी जाते का?" दुसरी लगेच म्हणाली, "अगं कोरलंय, काढली नाहीये." मला काही बोलावंच लागलं नाही.

पायरी ५ : यार्देनची गोष्ट

ही मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे, जेमतेम तीन ओव्या, त्यामुळे घरून दोन-तीनदा वाचून या आणि वर्गात पुस्तकात बघून वाचू नका, सांगा.

नदीपासून सुरू करा. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर यार्देन म्हणजे चित्रातली निळीशार नदी असते. खरी यार्देन खालच्या अंगाला अरुंद आहे, मातकट पाण्याची, दोन्ही काठांना वेत-बोरू वाढलेले. आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याला येतं ना तसलं पाणी, असं सांगितलं की पोरांना लगेच दिसतं. तिथे काठावर योहान उभा, अंगात उंटाच्या केसांचं कापड, कमरेला चामड्याचा पट्टा, खाणं काय तर टोळ आणि रानमध. टोळांवर जास्त वेळ घालवू नका, का ते वर सांगितलंय.

लोक रांगेने पाण्यात उतरतायत. चुकलो, आता बदलायचंय असं म्हणून उतरतायत. कर वसूल करणारे आहेत, शिपाई आहेत, ज्यांच्याशी कुणी नीट बोलत नाही असली माणसं आहेत. आणि त्याच रांगेत येशू उभा आहे. इथे थांबा. मुलांना विचारा, येशूला वशिला होता ना, तो पुढे का नाही गेला? आमच्या इथल्या पोरांना रेशनची रांग, दाखल्यासाठीची रांग माहीत आहे, मध्ये घुसणारे काका पण माहीत आहेत, त्यामुळे येशू रांगेत उभा राहिला हे त्यांना फार भारी वाटतं.

मग तो पाण्यात गेला, वर आला, आकाश फाटल्यासारखं झालं, आत्मा कबुतरासारखा खाली आला, आणि वाणी झाली: तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्यावर मी खूश आहे.

हे वाक्य हळू म्हणा. मग लगेच विचारा, येशूने तोपर्यंत किती आजारी बरे केले होते? पोरं ओरडतात पाच! शंभर! आंधळ्याला पण! तुम्ही मान हलवा. किती भाकरी वाटल्या होत्या? वादळ थांबवलं होतं? यातलं एकही नाही. तो तोपर्यंत नासरेथात सुतारकाम करत होता, वय तीसच्या आसपास, एकही चमत्कार केलेला नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानात पहिला चमत्कार काना गावातल्या लग्नातला सांगितलाय आणि तो याच्या नंतरचा. म्हणजे कामाला सुरुवात व्हायच्या आधीच बापाने सांगून टाकलं, तू माझा लाडका.

मोठ्या पोरांसमोर मी याला रिझल्टची उपमा देते. परीक्षा व्हायची आहे, पेपर अजून छापलापण नाही, आणि बाबा पेढे घेऊन आलेत. का? तू माझा आहेस म्हणून. पाचवी-सहावीच्या मुलांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय येतं ते बघण्यासारखं असतं, कारण त्यांच्या घरात पेढे नेहमी मार्कांनंतरच येतात. एक मुलगा म्हणाला, "आणि नापास झालो तर पेढे परत घेणार का?" मी म्हटलं खाल्लेले पेढे कोण परत घेतं रे.

पायरी ६ : आता पाणी

आता परात मधोमध ठेवा, पोरांना गोल बसवा आणि तांब्यातलं पाणी उंचावरून ओता. विचारा, पाणी काय काय करतं? तहान भागवतं, अंघोळ, कपडे, पिकं, मासे राहतात, पूर येतो, बुडून मरतात पण. हे शेवटचं कुणी म्हटलं तर दाबू नका, बाप्तिस्म्यात तेही आहे, जुनं जीवन बुडालं आणि नवीन घेऊन वर आलो, प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात असंच म्हटलंय. पण सहा वर्षांच्या पोराला एवढं पुरे, याच्या पुढे खोलात शिरू नका.

धुण्याबद्दल जपून बोला. "पाणी पाप धुतं" असं सुटं वाक्य टाकलं की मुलं त्याचा साबण करून टाकतात. पाणी नळाचंच आहे, बोअरचं आहे, त्यात जादू नाही हे सांगा. क्षमा देव करतो, पाणी अंगावर पडतं तेव्हा ती आपल्याला कळते, दिसते, ओली लागते. ज्यांच्याकडे बाळांना देतात त्यांनी "बाळ घाणेरडं होतं म्हणून धुतलं" असलं काही पोरांच्या डोक्यात जाऊ देऊ नका, एका मुलाने घरी जाऊन तान्ह्या बहिणीबद्दल "ती अजून घाण आहे" असं आजीला सांगितलं होतं आणि मग मला आजीचा फोन आला होता.

पाळकांनी हो म्हटलं असेल तर बाहुलीवर दाखवा. बाहुलीला हातात कसं घेतात, पाळक नाव विचारतात, मग "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने" असं म्हणून पाणी ओततात. तुमच्याकडे बुडवून देत असतील तर बाहुलीला पाठीवर आडवं करून बुडवा आणि लगेच वर काढा, लगेच, कारण मुलांची खरी भीती तिथे असते. आणि एक गोष्ट पक्की: हे शब्द म्हणत कुठल्याही खऱ्या मुलाच्या डोक्यावर पाणी ओतायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही, कितीही "टीचर मला, टीचर मला" झालं तरी. मुलांनी परातीत हात बुडवावा, एकमेकांच्या तळहातावर थेंब ठेवावा आणि म्हणावं, "देवाचं तुझ्यावर प्रेम आहे." थेंब ठेवणारं आणि घेणारं दोघंही खुसखुसतात, खुसखुसू द्या.

पायरी ७ : प्रश्न येतातच

पाणी नाकात जातं का? बुडवून देत असतील तर थोडं जाऊ शकतं, पाळक नाक-तोंडावर रुमाल धरतात, दोन सेकंदांचं काम. खरं सांगा, खोटं आश्वासन देऊ नका.

माझा झाला तेव्हा मी झोपले होते, मग तो चालतो का? या प्रश्नावर मी लाडाच्या नावाकडे परत जाते, तुझं नाव ठेवलं तेव्हा पण तू झोपलीच होतीस, नाव तुझंच आहे ना?

मी परवा भावाला मारलं, आता परत घ्यावा लागेल का? नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो. भावाची माफी मात्र परत परत मागावी लागेल.

आमचे आजोबा चर्चला जात नाहीत, त्यांचा झालेला नाही, देव त्यांच्यावर प्रेम करतो का? हा प्रश्न आमच्या भागात दर वर्षी येतो, कारण निम्म्या घरांत असे आजोबा आहेत. उत्तर "हो" असं एका शब्दात आणि लगेच द्या. अडखळलात तर पोरगं तुमचा चेहरा वाचतं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट आठवा, नव्याण्णव सोडून मेंढपाळ एकाला शोधायला गेला, आणि ते एक कळपात नव्हतं तेव्हाच गेला.

बाळ बाप्तिस्म्याआधी वारलं तर? हे एखादं मूल उगाच विचारत नाही, घरात काहीतरी झालेलं असतं. वर्गात लेक्चर देऊ नका. "देव बाळाला ओळखतो, येशूने लेकरांना जवळ घेतलं होतं" एवढं म्हणा, वर्ग सुटल्यावर त्या मुलाजवळ बसा, आणि पाळकांना सांगा की त्या घरी जाऊन या.

मला आत्ता पाहिजे! असं म्हणणारं एक असतंच. त्याला झिडकारू नका आणि लगेच यादीतही घालू नका. "आईबाबांशी बोल, मग आपण पाळकांकडे जाऊ" एवढंच.

पायरी ८ : सातवीच्या पुढच्यांना पंडिता रमाबाई सांगा

मोठ्या मुलांना बाहुली दाखवलीत तर ती मोबाईल काढतात. त्यांना माणसांच्या गोष्टी हव्यात आणि त्या आपल्या मराठीत भरपूर आहेत. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी बरोबर नव्हत्या, त्यांनी काही वर्षांनी स्वतः विचार करून घेतला, नवऱ्याने घेतला म्हणून मागोमाग नाही. हे मुलींना जरूर सांगा.

पण या धड्यासाठी माझी आवडती गोष्ट रमाबाईंची. २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज गाव. त्या दिवशी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्याबरोबर मुलीचा, मनोरमाचा. आई संस्कृत पंडिता, पुराणं तोंडपाठ, प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारणारी, कुणाचंही पटकन ऐकून न घेणारी. मुलगी अडीच वर्षांची. एकीला केवढं कळत होतं आणि दुसरीला कदाचित एवढंच की इथे थंडी आहे आणि आई जवळ आहे, आणि पाणी दोघींवर एकच. मुलांना विचारा, दोघींत देवाचं कुणावर जास्त प्रेम? मग पुढचं सांगा, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने सापडला असं रमाबाईंनी स्वतः लिहिलंय, धर्म आधी मिळाला होता, ख्रिस्त स्वतः नंतर. म्हणजे एवढ्या विदुषीलासुद्धा त्या दिवशी सगळं कळलं नव्हतं. यावर आमच्या वर्गात पाऊण तास भांडण झालं होतं की मग बाप्तिस्मा लवकर घ्यावा की उशिरा, मी मध्ये पडले नाही, इतकी छान चर्चा मोठ्यांच्या सभेत होत नाही. केडगाव जवळ असेल तर रमाबाईंनी तिथे उभ्या केलेल्या मुक्ती मिशनला एकदा सहल न्या, पुस्तकातली बाई एकदम खरी होते.

पायरी ९ : बाप्तिस्म्याच्या दिवशी

वर्गात काहीही शिकवा, खरा धडा त्या रविवारी होतो. मुलांना मागे बसवू नका. आधीच पाळकांना आणि पंचांना (चर्चच्या कमिटीतल्यांना) सांगून पुढे चटई टाका, म्हणजे त्यांना पाणी दिसेल. मोठी माणसं उभी राहतात आणि पोरांना फक्त साड्यांच्या पाठी दिसतात, मग ती कंटाळून बाहेर पळतात आणि आपण त्यांनाच रागावतो. नदीवर किंवा शेततळ्यावर कार्यक्रम असेल तर लहानांना काठापासून लांब, मोठ्या माणसाचा हात धरून, इथे तडजोड नाही.

मुलांना एक काम द्या. कुणी टॉवेल धरेल, कुणी तांब्या भरून देईल. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याला मुलांनी जाऊन नावाने हाक मारायची, एवढंच. आमच्याकडे एका साठीच्या काकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पोरांनी त्यांना नाव घेऊन हाका मारल्या, ते ओल्या अंगाने तिथेच उभे राहून रडायला लागले, पोरं घाबरली की आपलं काही चुकलं का. मग एकीने त्यांना टॉवेल दिला.

ज्या मुलांचा आधीच झालाय त्यांना ती तारीख शोधायला सांगा. दाखल्यावर असते, नाहीतर चर्चच्या नोंदवहीत असते. वाढदिवसासारखी घरी साजरी करायची, मोठं काही नको, गोडाचा शिरा आणि घरच्यांनी डोक्यावर हात ठेवून एक प्रार्थना. ज्यांचा झालेला नाही त्यांच्यासाठी मी त्यांच्या जन्माच्या तारखेला तेच करायला सांगते.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाका, नाहीतर घरी विचारतील "काय शिकलास?" आणि उत्तर येईल "टोळ". माझा साधारण असा असतो: "सलाम सगळ्यांना. आज मुलांनी येशूच्या बाप्तिस्म्याची गोष्ट ऐकली. कृपया रात्री झोपताना मुलांना त्यांच्या लाडाच्या नावाने हाक मारून सांगा की तू आमचा आहेस आणि देवाचाही आहेस. अभ्यासाचा विषय आज काढू नये ही विनंती. तळहातावरची शाई दोन दिवसांत जाते."

आणि हो, वर्ग संपला की परातीतलं पाणी झाडांना घाला आणि फरशी आधी पुसून घ्या, दुसरा टॉवेल त्यासाठीच आणायला सांगितला होता.